बाई, मला पण तोच धडा द्या ना

पत्र असं आहे:

ताई, मी सहावीची वर्गशिक्षिका, वर्गात ४२ मुलं. यावर्षी त्यातल्या तीन मुलांचं काय करायचं हे मला खरंच कळत नाहीये. एका मुलीला खूप कमी दिसतं, चष्मा लावूनही फळ्यावरचं वाचता येत नाही. एक मुलगा डिस्लेक्सियाचा, तोंडी विचारलं की पटापट सांगतो पण वाचायला दिलं की अडकतो आणि लेखी पेपर जवळजवळ कोरा. तिसरी मुलगी बौद्धिक अक्षमता असलेली, तिच्याशेजारी एक मदतनीस बसतात. तिला झेपत नाही म्हणून विज्ञान, इतिहासाच्या तासाला मी तिला रंगवायला चित्रं देते. मागच्या आठवड्यात तिने तो कागद परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, मला पण तोच धडा द्या ना." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. पोर्शन पूर्ण करायचाय, ४२ जण सांभाळायचेत, आणि एक पालक येऊन विचारून गेले की त्या मुलाला परीक्षेत जास्त वेळ मिळणार असेल तर आमच्या मुलाला का नाही. मी स्पेशल एज्युकेशनचं ट्रेनिंग घेतलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या परत आलेल्या कागदापाशी थांबले. जरा बघा तिने काय केलंय ते. बाकीच्यांना काहीतरी मिळतंय आणि आपल्याला ते मिळत नाहीये हे तिने ओळखलं, आपल्या हातातला कागद त्यापेक्षा कमी आहे हेही ओळखलं, आणि योग्य माणसाकडे जाऊन मागणी केली. जिला एवढं कळतं तिला तुमच्या विज्ञानाच्या धड्यातलं काहीच कळणार नाही असं मानायला मी तरी तयार नाही. आणि तुम्हाला ते वाक्य टोचतंय, तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणजे अर्धं काम तिथेच सुरू झालंय.

वर्गात बसणं वेगळं आणि धड्यात असणं वेगळं, आणि ही चूक एकट्या तुमची नाही, मोठमोठ्या व्यवस्थांनी ती केलीये. अमेरिकेत १९७५ साली कायदा आला आणि अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क मिळाला, पण त्यांना सगळ्या मुलांच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात कसं सामील करून घेणार हे प्रत्येक मुलाच्या आराखड्यात लिहायलाच हवं, हा आग्रह कायद्यात यायला १९९७ ची दुरुस्ती उजाडली. मधे २२ वर्षं गेली. तेवढ्या काळात कितीतरी मुलं शाळेत आली, गेली, आणि त्यांच्या वाट्याला मण्यांच्या माळा आणि रंगवायची चित्रं आली. आपल्याला एवढी वर्षं थांबायची गरज नाही, पुढच्या सोमवारपासून सुरू करता येईल.

सुरुवात मुलांपासून करू नका, धड्यापासून करा. हे उलटं वाटेल, पण माझा इतक्या वर्षांचा अनुभव हाच आहे. उद्याचा धडा उघडा आणि वर पेन्सिलीने एकच वाक्य लिहा: हा तास संपल्यावर मुलांना काय यायला हवं? समजा जलचक्राचा धडा आहे. तर पाणी तापलं की त्याची वाफ होते, वाफ गार झाली की परत पाणी होतं, आणि हे निसर्गात सतत चालू असतं, एवढं कळायला हवं. बास. आता स्वतःला विचारा की फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेणं हे या लक्ष्यात येतं का? नाही. धड्यातला उतारा मोठ्याने वाचून दाखवणं? नाही. 'संघनन' हा शब्द शुद्ध लिहिता येणं? तेही नाही, विज्ञानाच्या तासाला तर नाहीच. या सगळ्या फक्त वाटा आहेत, सवयीने आपण त्यांनाच धडा समजून बसतो, आणि जे मूल त्या वाटेने चालू शकत नाही त्याला अभ्यास जमत नाही असं म्हणून मोकळे होतो.

आमच्या विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात यासाठी दोन शब्द आहेत, अकोमोडेशन आणि मॉडिफिकेशन, आणि ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात म्हणून सांगते. रस्ता बदलला पण मुक्काम तोच राहिला तर ते अकोमोडेशन, आणि मुक्कामच बदलला तर मॉडिफिकेशन. कमी दिसणाऱ्या मुलीला मोठ्या अक्षरातला कागद दिला, तर तिने शिकायचं तेच आहे जे बाकीच्यांनी. दहा संकल्पनांच्या ऐवजी दोनच शिकायला दिल्या तर मुक्काम बदलला. तुमच्या तीन मुलांपैकी दोघांना फक्त रस्ता बदलून हवाय, अभ्यासक्रम एका ओळीनेही कमी करायचा नाहीये, हे आधी पक्कं करा कारण भीतीपोटी किंवा दयेपोटी त्यांचाही पोर्शन हळूहळू कापला जातो आणि मग दहावीला पोचेपर्यंत ते मूल खरंच मागे पडलेलं असतं.

आता मुक्काम तोच का राहिला पाहिजे आणि कधी काय चालतं याची एक साधी कसोटी सांगते, ती तुम्हाला कायम उपयोगी पडेल. तुम्ही मुलाला वाचून दाखवताय. ते बरोबर की चूक? गणिताचं शाब्दिक उदाहरण असेल तर बिनधास्त वाचून दाखवा, तिथे गणित तपासायचंय. इतिहासाचा उतारा असेल तरी वाचून दाखवा. पण त्या तासाला मुलाला अक्षरं जोडून शब्द वाचता येतो का हेच तपासायचं असेल तर वाचून दाखवलंत की तपासायला काही उरतच नाही. कॅल्क्युलेटरचंही तसंच, क्षेत्रफळ कसं काढायचं हे बघायचं असेल तेव्हा चालेल, गुणाकार येतो का हे बघायचं असेल तेव्हा नाही. म्हणून ते पेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य एवढं महत्त्वाचं.

जलचक्राचाच धडा पुढे नेते, कारण वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळे तीन तास घ्यायचे असं तुम्हाला वाटत असेल तर तसं अजिबात नाहीये. एका काचेच्या ग्लासात गरम पाणी घ्या, वर थंडगार ताटली झाका, थोड्या वेळाने ताटली उचलून तिच्या खालच्या बाजूला बोट फिरवायला सांगा. कमी दिसणाऱ्या मुलीला ते थेंब हाताला लागतील, डिस्लेक्सियाच्या मुलाला एक ओळही न वाचता मुद्दा कळेल, तिसऱ्या मुलीला शब्दांआधी गोष्ट दिसेल, आणि बाकीची ३९ मुलं? त्यांनाही पुस्तकातल्या बाणांपेक्षा हे जास्त लक्षात राहील. फक्त पाणी तुम्ही स्वतः ओता, आणि प्रत्येक पायरीला काय चाललंय ते तोंडाने बोला. "मी आता ताटली उचलते, खालून ओली झालीये." ही बोलायची सवय फुकट आहे आणि ज्या मुलांना दिसत नाही, किंवा ज्यांचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं होतं, त्या सगळ्यांना उपयोगी पडते. मात्र फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलू नका, आज ना उद्या तुमच्या वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल (आणि कितीतरी वेळा ते असतं पण कोणाला माहीत नसतं) तर त्याला तुमचे ओठ दिसायला हवेत.

या विचाराला युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग म्हणतात. १९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कास्ट नावाच्या संस्थेने तो मांडला. म्हणणं एवढंच की आधी सरासरी मुलासाठी धडा बनवायचा आणि मग प्रत्येक वेगळ्या मुलासाठी त्याला ठिगळं लावत बसायचं, हे करू नका. माहिती एकापेक्षा जास्त प्रकारे पोचू द्या, आपल्याला काय कळलं ते मुलांना एकापेक्षा जास्त प्रकारे दाखवू द्या, आणि शिकावंसं वाटण्याची कारणंही वेगवेगळी असू द्या. तुमच्यासारख्या ४२ मुलांच्या वर्गात तर हे जास्त लागू पडतं, कारण तुमच्याकडे ठिगळं लावायला वेळच नाहीये.

आता एकेक मूल.

कमी दिसणाऱ्या मुलीचं काम तुलनेने सोपं आहे म्हणून पटकन सांगते. तिलाच विचारा कुठे बसल्यावर बरं दिसतं, आपण परस्पर पहिल्या बाकावर बसवतो पण तिथे खिडकीचा उजेड डोळ्यावर येत असेल तर उपयोग शून्य. खिडकी पाठीशी किंवा बाजूला असू दे. पुस्तक डोळ्याजवळ नेताना मान वाकून दुखते, एखादा उतरता स्टँड मिळाला तर बघा. मोठी अक्षरं म्हणजे साधारण १८ पॉइंटच्या पुढे धरतात. झेरॉक्सवर ए-फोरचा ए-थ्री केला की १४१ टक्के होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर १७ च्या आसपास जातं, पण तो भलामोठा कागद बाकावर मावत नाही आणि मूल वर्गात उठून दिसतं, त्यामुळे जमेल तेव्हा मजकूरच मोठ्या अक्षरात टाइप करून साध्या कागदावर द्या. आकृत्यांसाठी पुठ्ठ्यावर फेविकॉल आणि लोकरीचा धागा, बाणांसाठी सुतळी, ढगाला कापूस. बोटाने वाचायची आकृती म्हटल्यावर त्यात कमी गोष्टी हव्यात हे मात्र लक्षात ठेवा, पुस्तकातली सगळी सजावट तशीच उतरवली तर बोटांना नुसता गोंधळ लागतो. फळ्याचा फोटो काढून तिला टॅबवर मोठा करून बघू द्या, शाळेत चालत असेल तर.

एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. वर्कशीट तुम्ही जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधे टाइप करत असाल तर ते बंद करा आणि युनिकोडमधे करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला किंवा फोनला मराठी अक्षर मराठीच म्हणून ओळखता येतं ती पद्धत. जुन्या फॉन्टमधे आपल्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं असतात, त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते निरर्थक ऐकवावं लागतं. तीच गत पानाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफची, ती फाइल म्हणजे नुसतं चित्र, तिच्यात मशीनला वाचता येईल असा मजकूरच नसतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, फोनमधे वाचून दाखवायची सोय आधीपासून असते, अडतं ते बहुतेक वेळा आपल्या फाइलपाशी. आणि पुस्तक अशा स्वरूपात बदलायला प्रकाशकाची परवानगी लागेल म्हणून कोणी घाबरवलं तर सांगा की २०१३ चा मराकेश करार नेमका यासाठीच झालाय, ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे अंध, कमी दिसणाऱ्या आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तींसाठी अशी प्रत बनवायला कायद्यात वाट ठेवावी लागते. यात डिस्लेक्सियाही येतो.

डिस्लेक्सियाच्या मुलाबाबत मला जरा थांबून बोलायचंय. त्याच्यासाठी दोन रूळ एकाच वेळी टाकावे लागतात. पहिला रूळ म्हणजे त्याला वाचायला शिकवणं, रोज थोडा वेळ, पद्धतशीर, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड, मात्रा, जोडाक्षरं, पायरी पायरीने आणि भरपूर उजळणी करत. हे एखाद्या विशेष शिक्षकाने केलं तर उत्तमच. दुसरा रूळ म्हणजे तोपर्यंत विज्ञान, इतिहास, भूगोल थांबू न देणं. बहुतेक शाळांत काय होतं, आधी वाचायला शीक मग बाकीचं बघू असं म्हणतात, आणि वाचायला यायला दोन-तीन वर्षं लागली तर तेवढ्या वर्षांचं ज्ञान आणि शब्दसंग्रह हातातून निसटतो, जो मुलगा तोंडी सगळ्यात हुशार होता तो आता खरंच मागे पडतो आणि मग सगळे म्हणतात बघा, आधीच म्हटलं होतं. याच्या उलटही चूक होते, ऑडिओ दिलाय ना आता वाचनाचं कशाला, असं म्हणून पहिला रूळच उखडून टाकतात. दोन्ही हवेत हो.

त्याला धडा ऐकवा, रेकॉर्ड करून द्या, वर्गातल्या एखाद्या छान वाचणाऱ्या मुलाने रेकॉर्ड केला तरी चालेल. उत्तरं तोंडी घ्या, किंवा त्याला बोलून टाइप करू द्या. शुद्धलेखनाचे मार्क मराठीच्या पेपरात काय ते कापा, विज्ञानात ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या. आणि एक कळकळीची विनंती, वर्गात सगळ्यांसमोर त्याला अचानक उठवून वाचायला लावू नका. वाचायला द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी चार ओळी सांगून ठेवा, तो घरून तयारी करून येईल. रंगीत काचा किंवा डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट कोणी विकायला आलं तर पैसे वाचवा, त्यांनी वाचन सुधारतं याला चांगला पुरावा मिळालेला नाही. दोन ओळींत जरा जास्त अंतर, पानावर कमी गर्दी, एवढं मात्र करून बघा.

आता तुमची ती तिसरी मुलगी, जिच्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंय.

खूप वर्षांपूर्वी माझ्याकडे सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. बोलता येत नव्हतं, हात ठरवल्या जागी जात नव्हता. मी रंग दाखव म्हटलं की त्याचा हात भलतीकडेच जायचा, आणि मी मनात नोंद करायचे की रंग ओळखता येत नाहीत. जवळजवळ दोन वर्षं मी त्याला रंग आणि आकारच शिकवत राहिले. एक दिवस शेजारच्या वर्गात इतिहासाचा तास चालला होता, एका मुलाने काहीतरी अगदी चुकीचं उत्तर दिलं आणि हा माझ्यापुढे बसलेला मुलगा खळखळून हसला. बाकीच्यांच्या आधी हसला. मी गारच पडले. मग एका पारदर्शक शीटच्या चार कोपऱ्यांत चार उत्तरं चिकटवली, ती आमच्या दोघांच्या मधे धरली आणि तो कुठे बघतो ते बघत प्रश्न विचारत गेले. इतिहासाची जवळजवळ सगळी उत्तरं त्याला येत होती. भिंतीपलीकडून ऐकून. ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

ॲन डॉनेलन नावाच्या बाईंनी १९८४ साली एक तत्त्व मांडलं, लीस्ट डेंजरस अझम्प्शन, म्हणजे ठोस माहिती नसेल तेव्हा असं गृहीत धरा जे चुकीचं निघालं तरी मुलाचं नुकसान कमीत कमी होईल. तुम्ही धरलंत की तिला कळेल, आणि ते चुकीचं निघालं, तर काय झालं, तिने एक प्रयोग बघितला, वर्गाबरोबर बसली. तुम्ही धरलंत की तिला कळणार नाही आणि ते चुकीचं निघालं, तर वर्ष गेलं.

तिच्यासाठी मुक्काम बदलावा लागेल, ते खरंय, पण तो त्याच रस्त्यावरचा अलीकडचा मुक्काम असू दे, वेगळ्याच गावाचा नको. जलचक्र चालू असताना तिच्या हातात जलचक्रच हवं. त्यातल्या दोन गोष्टी निवडा: पाणी तापलं की वाफ, वाफ गार झाली की पाणी. खरे फोटो घेऊन तीन कार्डं करा, गरम पाणी, वाफ, ताटलीवरचे थेंब, आणि तिला क्रमाने लावायला सांगा. 'बाष्पीभवन' हा शब्द तिच्यापासून लपवू नका, कार्डावर लिहा, तिला म्हणायला शिकवा, मोठा शब्द आपल्यालाही येतो याचा आनंद तिलाही असतोच. आणि चित्रं सहावीतल्या मुलीला शोभतील अशी असू देत, बालवाडीतले हसरे ढग नकोत. पुढच्या धड्यात तिसरी गोष्ट वाढवून बघा. तिने कुठे थांबायचं ते तिला ठरवू द्या, आपण आधीच ठरवून टाकू नका. एकच गोष्ट तिला जास्त वेळा आणि जास्त ठिकाणी भेटायला लागेल, म्हणून घरीही कळवा, खिडकीच्या काचेवर वाफ धरली की विचारा हिला, हे काय झालं.

तिला प्रश्न विचारलात की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तुमच्या मुलीला त्याहून जास्त लागतील. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता आपल्यालाच जड जाते.

आणि त्या मदतनीस बाईंबद्दल. त्या मनापासून करत असतील यात शंका नाही, पण अमेरिकेतले संशोधक मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हेच अभ्यासलं होतं, मदतनीस सतत मुलाला चिकटून बसला की काय होतं. वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी नकळत मदतनिसावर सोडून देतात, बाकीची मुलं जवळ येईनाशी होतात, आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी शेजारी बघायला लागतं. तुमच्याकडे हे होतंय का ते प्रामाणिकपणे बघा. त्यांना सांगा, खुर्ची जरा मागे घ्या, वर्गात फिरा, अडलेल्या कुठल्याही मुलाला मदत करा, आणि हिच्याकडे मागितल्यावर या. प्रश्न तुम्ही विचारा, थेट तिचं नाव घेऊन, "हिला विचारा हो" असं मदतनिसाला म्हणू नका. आदल्या दिवशी त्यांना धडा आणि कार्डं दिलीत तर त्यांचाही गोंधळ कमी होईल, कारण बऱ्याचदा त्यांना आज काय चाललंय हे वर्ग सुरू झाल्यावरच कळतं, मग त्या तरी रंगवायला दिल्याशिवाय काय करणार. गटात काम असेल तेव्हा तिला तीन मुलांसोबत बसवा आणि नेमकं काम द्या, ताटली धरायची, थेंब मोजायचे, गटातर्फे सांगायचं.

त्या पालकांना काय सांगायचं? रागावू नका त्यांच्यावर, प्रश्न साहजिक आहे. जास्तीचा वेळ हे बक्षीस नाहीये, त्या मुलाच्या माध्यमाला जो वेळ लागतो तो आहे. ब्रेल वाचणाऱ्याचं बोट एकेका अक्षरावरून सरकत जातं तर डोळा अख्खा शब्द एका झटक्यात उचलतो. डिस्लेक्सियाच्या मुलाला तोच उतारा वाचायला इतरांच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि पेपर इतिहासाचा असताना घड्याळ त्याच्या वाचनाचे मार्क कापत असतं. वेळ दिला की इतिहासाचे मार्क इतिहासालाच मिळतात. त्या पालकांना हेही विचारा की त्यांच्या मुलाला पेपर पूर्ण करायला वेळ पुरत नाहीये का, कारण पुरत नसेल तर तेही बघायला हवं. मात्र त्या मुलाचं निदान, रिपोर्ट यातलं काहीही दुसऱ्या पालकांसमोर काढू नका. आणि हा तुमचा चांगुलपणा आहे असं कोणी म्हणालं तर संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, त्याच्या २४ व्या कलमात शिक्षणासाठी अशा वाजवी सोयी देणं हे हक्क म्हणूनच लिहिलंय.

परीक्षेच्या सोयी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका हे आवर्जून सांगते. लेखनिक घ्यायचा असेल तर उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगायचं, परिच्छेद कुठे बदलायचा ते सांगायचं, आकृती तोंडी काढवून घ्यायची, हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याला महिनोन्महिने सराव लागतो. जे वर्गात रोज वापरलं जातं तेच परीक्षेत उपयोगी पडतं. आणि वार्षिक परीक्षेसाठी कुठले कागद लागतात ते वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना विचारून ठेवा, शेवटच्या महिन्यात धावपळ करून हे होत नाही.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल. म्हणून सांगते, सगळं एकदम करू नका. एक विषय घ्या, विज्ञान घ्या, आठवड्यातून एक धडा या पद्धतीने करा. बनवलेली कार्डं, पुठ्ठ्याच्या आकृत्या एका खोक्यात नीट ठेवा, पुढच्या वर्षी कोणाला तरी लागतील, शेजारच्या तुकडीच्या बाईंना दाखवा, त्या दुसऱ्या धड्याचं बनवतील आणि अदलाबदल होईल. प्रत्येक मुलाचं एक पान करा, त्याला काय येतं, कशापाशी अडतं, काय केल्यावर जमलं, कोण काय करणार. "काय येतं" हे सगळ्यात वर लिहा, रिपोर्टमधे ते कुठेच सापडत नाही. आणि ते पान मुलासोबत बसून भरा, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल बरंच माहीत असतं. ट्रेनिंग नाही म्हणालात, तर विशेष शिक्षक जवळपास असतील त्यांना एखाद्या दिवशी तुमच्या वर्गात येऊन बसायला सांगा, मुलाला बाहेर नेऊन तपासण्यापेक्षा तुमचा तास बघून ते जास्त सांगू शकतील.

सोमवारी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगा की तू कागद परत दिलास ते बरं केलंस, आणि आज तुला तोच धडा आहे. मग ताटली तिच्याच हातात द्या. तिने कुठलं कार्ड आधी ठेवलं आणि थेंब बघून ती काय म्हणाली, ते मला जमलं तर कळवा, मी वाट बघतेय.